ठाणे, मस्जिद, मोरा, उरण आणि परत: समुद्रात राहिलेल्यांची नावे शोधण्याचा एक दिवस

नौदलात किंवा व्यापारी जहाजांवर गेलेली आणि युद्धातून परत न आलेली ठाण्याची माणसे कोण होती, हे नावानिशी वाचायचे असेल, तर ठाण्याहून धिमी लोकल पकडून मस्जिदला उतरावे लागते. तिथेही ती नावे ठाण्याची म्हणून वेगळी काढलेली नाहीत. ती साऱ्या हिंदुस्थानातल्या नावांत मिसळलेली आहेत आणि ती आपली आपण वेचायची असतात. गेल्या डिसेंबरात, ९ तारखेला, आम्ही चौघे याच कामासाठी निघालो. आमच्यापैकी एक जण निवृत्त नौसैनिक आहेत. त्यांची उमेदीची वर्षे जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेली आणि सोसायटीत सगळे त्यांना नुसते ‘काका’ म्हणतात. तारीख त्यांनीच ठरवली होती, कारण ९ डिसेंबर हा ‘खुकरी’चा, म्हणजे १९७१ च्या युद्धात बुडालेल्या आपल्या नौदलाच्या नौकेचा दिवस.

सुरुवात आम्ही भल्या सकाळी ठाण्याच्या किल्ल्याजवळून केली. किल्ला म्हणजे आताचे मध्यवर्ती कारागृह. आत जाता येत नाही आणि बाहेरून छायाचित्र काढण्याचा मोहही टाळावा. तरीही इथे पाच मिनिटे थांबावे, कारण आरमारातल्या माणसाचे युद्धातले मरण या शहराने अगदी दारात पाहिले, ते इथे. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांकडे आला. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी त्याला वेढा घातला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजी आरमाराचा कमोडोर जॉन वॉटसन जबर जखमी झाला आणि त्या जखमांनीच गेला. त्याचे नाव, हुद्दा आणि मरणाचे कारण इतिहासात नीट नोंदलेले आहे. किल्ला पडल्यावर कापल्या गेलेल्या शिबंदीतल्या माणसांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. दिवसभर आम्हाला जे दिसणार होते, त्याचा मासला असा घरापाशीच मिळाला. तिथून चेंदणी कोळीवाड्याच्या कडेने स्टेशन गाठले.

इथे पहिली व्यवहाराची सूचना. जलद लोकल मस्जिदला थांबत नाही. धिमी गाडी घ्यावी, किंवा जलद गाडीने भायखळ्यापर्यंत जाऊन तिथे गाडी बदलावी. आम्ही धिमीच घेतली आणि काकांनी घाटकोपरपर्यंत खिडकी सोडली नाही.

मस्जिद स्टेशनच्या पूर्वेकडे, चालत जाण्याच्या अंतरावर, इंडियन सेलर्स होम आहे. ही वास्तू केवळ स्मारक नाही. दोन सफरींच्या मधल्या काळात खलाशांना मुंबईत डोके टेकायला जागा मिळावी म्हणून चालणारे हे वसतिगृह आहे आणि स्मारक त्याच्याच पोटात आहे. त्यामुळे आपण कोणाच्या तरी राहत्या घरी जात आहोत, हे लक्षात ठेवून वागावे. शक्यतो कामाच्या दिवशी जावे, आधी विचारून घ्यावे, सोबत ओळखपत्र ठेवावे, कशासाठी आलो आहोत हे सांगणारे चार ओळींचे पत्र न्यावे आणि छायाचित्रांची परवानगी आत शिरतानाच मागावी. आम्ही यातल्या बहुतेक गोष्टी केल्या होत्या, पण वेळ चुकवली. ऐन जेवणाच्या सुट्टीत पोहोचल्यामुळे पाऊण तास बाहेर चहा पीत उभे राहावे लागले, आणि हा दोष सर्वस्वी आमचाच.

इथे दोन्ही महायुद्धांची स्मृती आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रावर मेलेल्या आणि समुद्राखेरीज दुसरी कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक माणसांची नावे इथल्या स्मारकावर आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे ६,५०० जणांसाठी स्मरणग्रंथ आहे आणि त्याची दुसरी प्रत चितगावला आहे. त्यांत तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीचे नौसैनिक थोडे आहेत आणि व्यापारी जहाजांवरचे खलाशी फार मोठ्या संख्येने आहेत. लंडनमध्ये टॉवर हिलवर व्यापारी नाविकांचे मोठे स्मारक आहे, पण ब्रिटिश जहाजांच्या बॉयलरपाशी राबलेल्या हिंदी खलाशांची नावे शोधायची तर ती मुंबईत आणि चितगावला. जहाज एकच, ते बुडाले एकाच रात्री, आणि यादी मात्र दोन देशांत वाटली गेली. हे मला त्या दालनात उभे असताना जितके टोचले, तितके आधी वाचताना टोचले नव्हते.

नावांपुढचे हुद्दे सावकाश वाचावेत. सारंग, टंडेल, सुकाणी, कसब, आगवाला, तेलवाला, भंडारी, टोपास ही जहाजावरच्या उतरंडीची भाषा आहे. सारंग म्हणजे खलाशांच्या तुकडीचा मुकादम, टंडेल त्याच्या हाताखालचा, सुकाणी सुकाणूवरचा, कसब सामानाची कोठी सांभाळणारा, आगवाला भट्टीत कोळसा मारणारा, भंडारी स्वयंपाकी आणि टोपास सफाई करणारा. इंग्रजी अक्षरांत लिहिलेले हे शब्द एकदम ओळखू येत नाहीत, म्हणून मोठ्याने उच्चारून पाहावेत. टंडेल हे आपल्याकडे आडनावही आहे. करावे, दिवाळे या नवी मुंबईतल्या गावांत ते रोज कानावर पडते. त्यामुळे यादीत हा शब्द दिसला की तो हुद्दा आहे की आडनाव, हे रकाना पाहूनच ठरवावे. आमच्यातल्या एकीने हुद्द्यालाच आडनाव समजून अर्धे पान उतरवून घेतले होते आणि ते नंतर खोडावे लागले.

काकांना सुरुवातीला व्यापारी खलाशी या दिवसात नको होते. ‘आपण नौसैनिकांसाठी निघालो आहोत,’ असे ते दोनदा म्हणाले. गणवेशातल्या माणसाला हा फरक जाणवणे स्वाभाविक आहे. पण १९४२ सालच्या मुंबई बंदराचा विचार केला, तर तो फरक मला टिकवता येत नाही. २० नोव्हेंबर १९४२ रोजी ‘तिलावा’ हे प्रवासी जहाज मुंबईहून आफ्रिकेकडे निघाले आणि २३ तारखेला जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारून ते बुडवले. जहाजावर ९५८ माणसे होती, त्यांतली २८० गेली. त्याच वर्षी ६ एप्रिलला ‘इंडस’ ही हिंदी नौदलाची युद्धनौका ब्रह्मदेशातल्या अक्याबजवळ जपानी विमानांनी बुडवली. त्याआधी, जून १९४० मध्ये, ‘पठाण’ ही गस्तीची नौका तर मुंबईजवळच्याच समुद्रात गेली होती. ‘तिलावा’च्या भट्टीपाशी उभा असलेला आगवाला आणि ‘इंडस’वरचा नौसैनिक यांच्या घरी गेलेल्या तारेतला मजकूर फार वेगळा नसणार. काका यावर काही बोलले नाहीत, पण पुढची दोन पाने त्यांनी स्वतः वाचली.

आता मुख्य प्रश्न असा, की या हजारो नावांतून आपल्या गावची माणसे कशी ओळखायची. हे काम घरूनच करून निघावे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर या स्मारकांवरची नावे शोधता येतात, निकालांची यादी उतरवून घेता येते, आणि ‘अधिक माहिती’ या रकान्यात काही जणांच्या वडिलांचे, पत्नीचे किंवा गावाचे नाव सापडते. सर्वांचे सापडत नाही. अनेकांचे नुसते एक नाव, हुद्दा, जहाज आणि तारीख एवढेच आहे.

शोधताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. ठाण्याचे इंग्रजी स्पेलिंग आजचे वापरू नये. त्या काळी शेवटचे अक्षर ‘ई’ (e) नसून ‘ए’ (a) असे, म्हणजे Thana, आणि आम्ही पहिला आठवडा याच एका अक्षरापायी वाया घालवला. दुसरे म्हणजे, तेव्हाचा ठाणे जिल्हा आजच्यापेक्षा कितीतरी मोठा होता. पालघर वेगळा झाला २०१४ मध्ये, म्हणजे वसई, डहाणूची माणसे यादीत ठाण्याचीच असणार. मुंबई उपनगर जिल्हा तर १९२० मध्ये निघाला, म्हणून पहिल्या महायुद्धात गेलेला वांद्र्याचा किंवा बोरिवलीचा माणूसही जिल्ह्याने ठाण्याचाच. याउलट उरण-पनवेलकडची माणसे रायगडखाली नव्हे, कुलाब्याखाली शोधावीत, कारण रायगड हे नाव १९८१ चे आहे. तिसरी गोष्ट आडनावांची. कोकणातल्या मुसलमान खलाशांची आणि गोव्याच्या ख्रिस्ती माणसांची नावे इंग्रज कारकुनांनी कानाला ऐकू आली तशी लिहिली आहेत, तेव्हा एकच नाव चार प्रकारे शोधून पाहावे. या सगळ्यातून जे हाती आले ते आम्ही वहीत उतरवले आणि मस्जिदला जाऊन प्रत्येक नावापुढे टिंब दिले.

तिथून पुढे लायन गेटपाशी गेलो. नौदलाच्या गोदीच्या या दाराबाहेर, शहीद भगतसिंग मार्गावर, ‘विक्रांत’चे स्मारक आहे. १९६१ मध्ये नौदलात आलेली आणि १९७१ च्या युद्धात पूर्वेच्या समुद्रात लढलेली ही विमानवाहू नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली आणि पुढे मोडीत निघाली. तिच्याच पोलादातून घडवलेले हे शिल्प जानेवारी २०१६ मध्ये उभे राहिले. ते रस्त्याच्या मधोमध आहे, वाहने अंगावरून जातात आणि दहा मिनिटांहून अधिक वेळ तिथे थांबण्यासारखे काही नाही. शिल्प चांगले आहे, पण ते जहाजाचे आहे, माणसांचे नाही. गोदीच्या दाराकडे कॅमेरा वळवू नये. पहारेकरी हटकतात आणि ते योग्यच करतात.

तिथून टॅक्सीने भाऊच्या धक्क्यावर आलो आणि उरणजवळच्या मोरा बंदराची लाँच धरली. प्रवास साधारण तासाभराचा. निघण्यापूर्वी त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा अवश्य पाहाव्यात. मोरा बंदरात गाळ साचलेला असल्याने ओहोटीला लाँच धक्क्याला लागणे अवघड होते आणि फेऱ्या रखडतात किंवा रद्द होतात. पावसाळ्यात तर हा बेत आखूच नये. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी हलत्या लाँचमध्ये चढण्या-उतरण्याचा विचार आधी करावा. आमच्या काकांना, सारे आयुष्य जहाजावर काढूनही, दोघांचा हात धरावा लागला आणि ते त्यांना मुळीच आवडले नाही.

लाँच बंदराच्या मध्यावर आल्यावर काकांनी ‘खुकरी’ची हकीकत सांगितली. आम्हाला ती ढोबळ ठाऊक होती, पण ज्या पाण्यातून ती नौका निघाली त्याच पाण्यावर ती ऐकणे निराळे होते. ‘खुकरी’ आणि ‘किरपान’ या दोन फ्रिगेट मुंबईहून पाकिस्तानी पाणबुडीच्या शोधात निघाल्या. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री, नऊच्या आत-बाहेर, दीवजवळच्या समुद्रात ‘हंगोर’ या पाणबुडीने ‘खुकरी’ला टॉर्पेडोने गाठले आणि नौका काही मिनिटांत गेली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. काकांचा भर मात्र कप्तानांवर नव्हता. ‘खालच्या डेकवरचा माणूस वर यायला शिडीच्या किती पायऱ्या चढतो, ते मोजा,’ एवढेच म्हणून ते खाली इंजिनाच्या आवाजाकडे कान लावून बसले. या नौकेचे स्मारक दीवला समुद्रकाठच्या टेकाडावर आहे, काचेत ठेवलेल्या नौकेच्या प्रतिकृतीसह. ज्यांना सवड आहे त्यांनी तिथवर जावे. आम्ही झेंडूची फुले नेली होती, ती इथेच सोडली. प्लास्टिकची पिशवी परत खिशात घालावी आणि हार दोऱ्यासकट पाण्यात टाकू नये. सुट्या पाकळ्या पुरतात.

मोऱ्याहून रिक्षाने उरण. वाटेत नौदलाचा परिसर आहे, तिथेही छायाचित्रे काढू नयेत. जेवण उरण बाजारात करून घ्यावे, कारण पुढे स्टेशनवर फारसे काही मिळत नाही. जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल आली आहे, आणि त्यामुळेच हा फेरा एका दिवसात जमतो. मात्र गाड्या ठाण्यासारख्या दर चार मिनिटांनी नाहीत. वेळापत्रक आधी पाहून त्या हिशेबाने जेवावे, अन्यथा फलाटावर बराच वेळ निघतो. उरणहून नेरूळला आणि नेरूळला गाडी बदलून ट्रान्स-हार्बरने ठाणे.

वहीतल्या नावांपैकी दोघांच्या गावांची नोंद आजच्या नवी मुंबईच्या हद्दीतली निघते. एकदा वाटले, नेरूळलाच उतरून तिथल्या कोळीवाड्यात जावे आणि जुन्या माणसांना विचारावे, पण अंधार पडला होता आणि तिन्हीसांजेला कोणाच्या दारात मेलेल्याची चौकशी घेऊन जाणे बरे दिसले नसते. काकांनी त्या दोन नावांखाली रेघ मारली, वही माझ्याकडून मागून घेतली आणि येत्या रविवारी सकाळी आठची गाडी धरायची, असे ऐरोली येईपर्यंत ठरवून टाकले.