बारावी फाइल

“सर, गेल्या महिन्यात स्क्रिप्ट व्यवस्थित चालली होती, आज फोल्डरच सापडत नाही म्हणतेय.” सांख्यिकी शाखेतली कंत्राटी डेटा एन्ट्री ऑपरेटर दारात उभी होती.

११ तालुक्यांचे मासिक तक्ते एकत्र करायला तिचे दोन दिवस कॉपी-पेस्टमध्ये जायचे. रात्री घरी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकून तिने स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहिली आणि ते काम अर्ध्या मिनिटावर आणलं. कार्यालयाने तिला एका तासाचंही प्रशिक्षण दिलेलं नाही.

संगणक बदलला तेव्हा तक्ते डी ड्राइव्हवर ‘तालुका’ फोल्डरमध्ये गेले, स्क्रिप्ट डेस्कटॉपवर राहिली. आधी दोन्ही एकाच जागी, त्यामुळे पाथ, म्हणजे फोल्डरचा पूर्ण पत्ता, लिहायची वेळच आली नव्हती. आता तिने एक्सप्लोररमधला पाथ जसाच्या तसा डकवला होता. मी तो प्रिंट करायला लावला. स्क्रीनवर ‘डी:’, मग मोकळी जागा, मग ‘अलुका’. फोल्डरचं नाव इंग्रजीत, टीने सुरू होणारं; आणि बॅकस्लॅशला, म्हणजे पाथमधल्या उलट्या तिरक्या रेघेला, लागून टी आला की पायथन त्या दोघांचा मिळून टॅब, म्हणजे मोकळी जागा, करतो! बॅकस्लॅश जसाच्या तसा वाचला जावा म्हणून अवतरणचिन्हाआधी आर लावला आणि फोल्डर सापडलं. तरी फाइली उघडेनात, कारण फोल्डरमधल्या फाइलींची यादी करणारं लिस्टडिर नुसती नावं देतं आणि तक्ते वाचणारं पायथनचं पांडाज ती नावं डेस्कटॉपवर शोधत होतं. मग पाथ जोडण्यासाठी पायथनमध्येच असलेलं पाथलिब घेतलं. त्यात फोल्डर आणि नाव यांच्यामध्ये तिरकी रेघ दिली की पूर्ण पाथ तयार. पायथन ३.४ पासून ही सोय आहे, तरी नवशिक्यांना आधी जुनीच पद्धत शिकवतात, याचा मला खरोखर राग येतो.

चालवण्याआधी फाइली मोजायला लावल्या. १३ निघाल्या. एक तक्ता एक्सेलमध्ये उघडा होता, तेव्हा एक्सेल स्वतःच बनवतं ती, नावाआधी टिल्ड-डॉलर (~$) असलेली लपलेली फाइल तेरावी. आणि बारावी? गेल्या महिन्याची ‘एकत्रित’. स्क्रिप्टने बनवलेली, त्याच फोल्डरमध्ये सेव्ह झालेली.

ती गप्प झाली. गेल्या महिन्यात एका तालुक्याची सुधारित फाइल उशिरा आली, म्हणून तिने स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली होती. म्हणजे ११ तालुके, अधिक त्यांचीच आधीची गोळाबेरीज. एरर आली नाही. जवळपास दुप्पट आकडे वरच्या कार्यालयात गेले. महिना उलटला, तिथल्या एकाही टेबलावरून फोन आला नाही.

“सर, कळवू या ना?” तिनेच विचारलं.

निकालाची फाइल आता वेगळ्या फोल्डरमध्ये जाते. शुद्धिपत्रक आम्ही त्याच संध्याकाळी तयार केलं. साहेब म्हणाले, “कोणी विचारलंय का?” ते पत्र अजून त्यांच्या टेबलावर सहीसाठी पडून आहे.