शाळेतली पोरं आणि खोड्यातला गोऱ्हा

परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकलेली आणि घरात बीफ कधी न शिजवलेली मी, नेब्रास्कातल्या हायस्कूलच्या पोरांना मांसासाठीच्या गुरांची निगा शिकवायला का जाते, असं नात्यातली मंडळी विचारतात. माझं उत्तर सरळ आहे. इथे माणसांच्या तिपटीहून जास्त गुरं आहेत आणि त्यांतली बहुतेक कत्तलखान्यात जाणार आहेत. ते मी थांबवू शकत नाही. पण तोवर त्यांनी किती भ्यायचं, किती सोसायचं, हे ज्यांच्या हातात आहे त्यांना मी शिकवू शकते. आणि पंधरा-सोळा हे शिकायचं खरं वय.

वर्गातली बहुतेक पोरं एफएफएची. १९२८ साली कॅन्सस सिटीत सुरू झालेली ही शेती शिकणाऱ्या मुलांची संघटना. तिचं निळं कॉर्डरॉयचं जाकीट गावात सगळे ओळखतात. बऱ्याच जणांचा स्वतःचा एखादा गोऱ्हा असतो. म्हणजे जनावरं त्यांना नवी नाहीत. नवं असतं ते गप्प राहणं. घरी आरडाओरडा करून गुरं हाकायची सवय, म्हणून सुरुवातीला मी त्यांना नुसतं उभं करते. जनावराच्या खांद्याच्या मागे उभं राहिलं की ते पुढे जातं, खांद्याच्या पुढे आलं की मागे सरतं. खोड्याकडे जाणाऱ्या अरुंद वाटेत त्याच्या डोक्याकडून शेपटीकडे चालत जायचं. खांदा ओलांडला की ते आपणहून पाऊल उचलतं. गुरं हाकायचा विजेचा दांडा भिंतीलाच टांगलेला राहतो. हे घडताना पोरांचे चेहरे बघावेत!

मग सुई. पहिली लस फऱ्याची, आपल्याकडे पावसाळ्याआधी टोचतात त्याच रोगाची. टोचायची मानेतच, खांद्याच्या पुढे, कातडी चिमटीत उचलून तिच्याखाली. पुठ्ठ्यात कधीच नाही. १९९१ साली इथे बीफच्या गुणवत्तेची पहिली देशव्यापी पाहणी झाली, तेव्हा मागच्या भागातल्या चांगल्या मांसात इंजेक्शनच्या जुन्या गाठी सापडत होत्या. मांस वाया जायचं हे खरंच, पण मला त्या गाठीत जनावराचं दुखणं दिसतं. पोरांना मी दोन्ही सांगते. वाकलेली सुई सरळ करून वापरायची नाही, यावर मात्र मी अजिबात सूट देत नाही. ती आत मोडली आणि काढता आली नाही, तर ते जनावर कधीच विकता येत नाही.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या वर्गातली एक मुलगी गोऱ्हा घेऊन आली. डोळा लाल, सतत पाणी गळत होतं, उजेड सहन होत नव्हता. ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक द्यायचं ठरलं. जून २०२३पासून हे औषध पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि ते योग्यच झालं. डोसाचा हिशेब मी तिलाच करायला लावला. शंभर पौंडाला साडेचार मिली, गोऱ्हा १३०० पौंडांचा, म्हणजे साधारण ५८ मिली. एका जागी दहा मिलीपेक्षा जास्त नाही, म्हणजे सहा जागा. मानेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन, मध्ये चार इंचांचं अंतर. तिने हाताने मोजून जागा दाखवल्या, एकही चुकली नाही.

मग तिने बाटलीवरचं लेबल वाचलं. शेवटच्या डोसानंतर २८ दिवस कत्तलीला पाठवायचं नाही. काउंटी फेअर, म्हणजे जिल्ह्याची जत्रा, तीन आठवड्यांवर आला होता आणि तिथला लिलाव म्हणजे थेट कत्तलखाना. वर्षभर तिने त्या गोऱ्ह्याला दोरी धरून सोबत चालायला शिकवलं होतं. घरच्यांपैकी कुणीतरी म्हणालं, एवढ्याने काय होतंय. तिने तारीख, कानातल्या बिल्ल्याचा नंबर, औषध, लॉट नंबर, डोस, जागा असं सगळं वहीत लिहिलं, खाली कत्तलीला चालेल ती तारीख घातली आणि फेअरमधून नाव काढून घेतलं. डोळा बरा झाला. पुढे तो साध्या बाजारात विकला, फेअरच्या लिलावापेक्षा पुष्कळ कमी भावाने.

तिला विचारून त्या पानाची प्रत मी ठेवली आहे. यंदा वर्गात पहिल्या दिवशी तोच हिशेब फळ्यावर मांडणार आहे, शेजारी फेअरची तारीख लिहून. उत्तर मात्र पोरांनीच काढायचं.