गॅलोसायनिन आणि क्रोम तुरटी: मज्जारज्जूच्या स्लाइड जमल्या

सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघण्यासाठी त्या रंगवतो, त्यातल्या हिमॅटॉक्सिलिन या नेहमीच्या निळ्या रंगाला सध्या रजा दिलीय. केंद्रकं झकास दिसतात, पण निळं दिसतंय ते न्यूक्लिक आम्लच (डीएनए किंवा आरएनए), असं छातीठोकपणे सांगता येत नाही. शिवाय चढलेला रंग आम्ल मिसळलेल्या अल्कोहोलने उतरवताना थांबायचं कुठे, तो सगळा नजरेचा अंदाज. म्हणून चेतापेशी रंगवण्याची लारुस आयनार्सन या संशोधकाची १९३२ची पद्धत धरली.

१०० मिली पाण्यात ५ ग्रॅम क्रोम तुरटी (क्रोमियमचा क्षार), ०.१५ ग्रॅम गॅलोसायनिन (निळा रंग). पाच मिनिटं उकळा, थंड करा, गाळा, उडालेलं पाणी भरून काढा. उकळण्यात काटकसर नको. क्रोमियम भोवतीचे रेणू सहजी सोडत नाही, रंगाशी जोडी जमायला त्याला आच लागते. जमली की मात्र आम्ल मिसळलेल्या अल्कोहोललाही दाद देत नाही. द्रावणाचा पीएच १.६च्या आसपास. एवढ्या आम्लात प्रथिनांच्या कार्बॉक्सिल गटांवर ऋणभार उरत नाही, न्यूक्लिक आम्लांतल्या फॉस्फेटवर उरतो. धनभारित रंग तिथेच चिकटतो. ४८ तास बुडवून ठेवायचं, उतरवायची भानगडच नाही.

पातळ छेद घेणारं मायक्रोटोम यंत्र नसल्यामुळे, नुसतं दाबून पसरवता येईल असा बोकडाचा मज्जारज्जू आणला. ('भेजा नको का भाऊ?' असं खाटकाने दोनदा विचारलं.) मधला करडा भाग टाचणीच्या डोक्याएवढा घेऊन दोन स्लाइडमध्ये दाबायचा, सरकवायचा, ओला असतानाच अल्कोहोलमध्ये. करड्या भागाच्या पुढच्या टोकातल्या ('शिंगा'तल्या) चेतापेशी एवढ्या मोठ्या की १०० पटीतही सापडतात. ४०० पटीत निस्लचे दाणे (चेतापेशीतले आरएनएने भरलेले पुंजके) वाघाच्या पट्ट्यांसारखे, फिकट केंद्रकात एकच काळाभोर ठिपका (केंद्रिका), आणि अक्षतंतू (पेशीचा लांब धागा) जिथून फुटतो तो कोपरा साफ रिकामा.

खरी मजा जोडीच्या स्लाइडवर. रंगवण्याआधी ती तासभर आरएनएझमध्ये (फक्त आरएनए तोडणारं विकर) ३७ अंशांवर ठेवली. जळगावात मे महिन्यात इनक्युबेटर कशाला, आतल्या खोलीतलं कपाट पुरतं! निस्लचे पट्टे गायब, ठिपका पुसट; आजूबाजूच्या ग्लिया पेशींची (चेतापेशींना आधार देणाऱ्या) केंद्रकं मात्र तशीच गर्द निळी. म्हणजे गेलं ते आरएनए, राहिलं ते डीएनए. तुलनेसाठी तिसरी स्लाइड नुसत्या बफरमध्ये (तेच द्रावण, पण आरएनएझ न घातलेलं) ठेवा, नाहीतर ही स्लाइड पुरावा म्हणून दाखवू नका.

वापरलेलं द्रावण मोरीत ओतू नका, क्रोमियम आहे. मी बरणीत साठवतोय.

पुढे स्वादुपिंड. तिथल्या पेशींच्या तळाशी आरएनए खच्चून भरलेलं असतं, पण त्याला छेदच हवेत, आणि या उन्हात मेणाचा ठोकळा वस्तऱ्याखाली दबतो. पावसाळा लागला की बघू.