अर्ध्यावर अडलेली काच

नवतप्यात, भर दुपारी वर्धा रोडवर, आमच्या गाडीची काच अर्ध्यावर थांबली. तीही ड्रायव्हरच्या बाजूची. पारा 45 च्या वर. एसीचा गारवा बाहेर आणि झळा आत. कानाला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा टाकून दोन दिवस तशीच चालवली.

गाडी 2007 ची. तिच्या आधीच्या गाडीला काचेचं हँडल होतं. फिरवताना जड लागलं की कुठं काय अडतंय ते हातालाच कळायचं. बटनाचं तसं नाही. काच चढो न चढो, बोटाला सारखंच.

‘फ्यूज उडाला असेल,’ मी प्रतापनगरातल्या मेकॅनिकला जाणत्याच्या थाटात म्हणालो.

‘फ्यूज उडाला असता तं बाकीच्या काचा चालल्या असत्या का, काका?’ त्यानं दार बंद केलं. ‘बटन दाबा अन् मीटरच्या लाइटाकडे पाहा.’

दाबलं. लाइट किंचित मंदावला. म्हणजे करंट मोटरपर्यंत पोचतोय, मोटर जोर लावतेय, काचच हलत नाहीये. लाइट ढिम्म राहिला असता तर स्विच, मोटर, नाहीतर दाराच्या बिजागरीपाशी वाकून वाकून तुटलेली वायर शोधावी लागली असती. सतरा-अठरा वर्षं त्या लाइटासमोर बसतोय, पण त्याला असं काही विचारता येतं हे कधी सुचलं नाही.

काच चढवायला एक मोटर आणि उतरवायला दुसरी, अशीही माझी समजूत होती. मोटर एकच. बटन प्लस-मायनसची अदलाबदल करतं, की तीच उलटी फिरते.

त्यानं दाराचा पॅड उचकटला. दोन क्लिपा तुटल्या, त्याचं त्याला काही वाटलं नाही. आत काच ज्या रबराच्या खाचेतून सरकते ते रबर उन्हानं वाळून कुरडईसारखं कडक झालेलं, वर धुळीचा थर. मी तिथं ग्रीस लावायचं सुचवलं. ‘ग्रीसले धूळ चिकटते,’ एवढंच तो म्हणाला. जुनं रबर काढून नवं बसवलं, सिलिकॉनचा फवारा मारला. काच सर्रकन चढली.

घरी येताना सिग्नलला मी ती तीनदा खाली-वर केली. चौथ्यांदा खाली गेली तेव्हा बायको म्हणाली, ‘अहो, लावा ना ती काच. झळा येऊन राहिल्या.’