खारपाणातली ताडपत्री आणि गंज

आमच्या दर्यापूरकडे लोखंड टिकतच नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा हा, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारट. विहिरीच्या पाण्यानं मोटरच्या नटबोल्टपासून फाटकाच्या कडीपर्यंत सगळं गंजतं. घरी जाड सुती कॅनव्हासची जुनी ताडपत्री आहे, लोखंडी कड्यांची. पावसाळाभर कोठ्यात पडून राहिली आणि प्रत्येक कडीभोवती तपकिरी डाग पसरले. आई म्हणाली, "नवी आन ना, काहाले घासत बसतं?" पण नवी मिळते ती प्लास्टिकची. तिच्याखाली तुरीला घाम सुटतो. कापडातून हवा खेळते.

आधी पाणी लावलंच नाही. कड्यांखाली पोत्याचा तुकडा धरून तारेच्या ब्रशनं कोरडाच गंज झाडला, नाहीतर ती भुकटी कापडात मुरते.

लिंबू-मीठ चोळ, असं बरेच जण सांगतात. लिंबू ठीक, पण मीठ? गंज चढवायला आमचं पाणी पुरेसं आहे की! ब्लीचिंग पावडर तर नकोच. क्लोरीननं गंजाचा डाग उलट पक्का बसतो, सुतही कमजोर होतं. मी किराण्यातून सायट्रिक ॲसिड आणलं, ढोकळ्यात घालतात तेच. लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅम. त्यात भिजवलेल्या चिंध्या डागांवर ठेवल्या, सावलीत, आणि सुकू दिल्या नाहीत. गंज साध्या पाण्यात विरघळत नाही. हे आम्ल त्यातलं लोखंड धरून सोडवतं. हळूहळू चिंध्या पिवळ्या झाल्या आणि डागाची कड आतल्या बाजूला सरकू लागली. पिवळ्या झालेल्या चिंध्या बदलत राहायचं, एवढंच काम.

आम्ल कापडात राहिलं तर धागा खातं, म्हणून नंतर खाण्याच्या सोड्याचं पाणी मारलं. शेवटची खळखळ मात्र नळ आला त्या दिवशी, नळाच्याच पाण्यानं. विहिरीच्या पाण्यानं धुतलं असतं तर मीठ कापडातच राहिलं असतं, आणि सगळी मेहनत पाण्यात.

ओल्या लोखंडावर बघता बघता पुन्हा तांबूस झाक येते. म्हणून कड्या लगेच पुसून, उन्हात तापवून त्यांवर मेणबत्ती घासली. तेल टाळलं, ते कापडात पसरतं.

डाग आता फिक्कट पिवळे उरलेत. एका कोपऱ्यात मात्र कडीभोवतीचं कापड बोटानं दाबताच भुगा झालं. गंजानं सूतच खाल्लं होतं. तेवढं कापून ठिगळ लावून घेतलं आणि बाजारातून पितळी कडी ठोकून आणली.