प्रोसेस मॉडेल बनवताना: माझा अनुभव

एमटेकच्या प्रोजेक्टला विषय घेतला होता, एका आयटी कंपनीत बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका, दुरुस्त करायचं काम खरंच कसं चालतं त्याचं मॉडेल बनवायचं. कसं चालायला हवं ते नाही हं, कसं चालतं ते. कंपनी हिंजवडीतली, नाव नको.

क्वालिटीवाल्यांनी आधी प्रोसेस डॉक्युमेंट हातात ठेवलं. बग आला, लीडने बघितला, डेव्हलपर, रिव्ह्यू, टेस्टिंग, क्लोज, सगळं कसं सरळसोट.

मग इंटरव्ह्यू. गाईड सरांनी बजावलं होतं की "प्रोसेस कशी फॉलो करता" असं विचारायचंच नाही, लोक डॉक्युमेंटच म्हणून दाखवतात, त्यापेक्षा नुकतंच बंद केलेलं एखादं टिकेट, म्हणजे बगची नोंद, उघडायला लावायचं आणि काय काय झालं ते विचारायचं. हे जाम कामी आलं. एका टेस्टर मॅडमनी टिकेट उघडलं आणि हसायलाच लागल्या, "अहो हा बग तर मी डेव्हलपरच्या मशीनवरच बघितला, टिकेट नंतर पुढे ढकललं."

नंतर जिराचा, म्हणजे टिकेटं ठेवायच्या सॉफ्टवेअरचा, लॉग घेतला, कुठल्या टिकेटवर काय कधी झालं त्याची नोंद. प्रोसेस मायनिंगला, म्हणजे अशा लॉगमधून प्रोसेसचं चित्र काढायला, केस आयडी (इथे टिकेटचा नंबर), ॲक्टिव्हिटी आणि टाइमस्टॅम्प एवढे तीन कॉलम पुरतात. प्रॉम नावाच्या त्यासाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं तर पहिलं चित्र म्हणजे शेवयांचा नुसता गुंता, क्वचित घडणाऱ्या वाटा गाळल्या तेव्हा कुठे वाचता यायला लागलं. पण टेस्टिंगला सेकंदच लागत होते! कितीतरी टिकेटं शुक्रवारी दुपारी टेस्टिंगमध्ये जाऊन लगेच क्लोज, कारण चार वाजता स्टेटस मीटिंग. म्हणजे लॉगमधली वेळ कामाची नव्हेच, बटण दाबल्याची. नुसत्या लॉगवर मॉडेल काढणाऱ्यांवर माझा तेव्हापासून विश्वास नाही.

शेवटी कर्टिस, केलनर आणि ओव्हर यांच्या १९९२ च्या पेपरातली चौकट धरली: काय काम होतं, कधी आणि कुठल्या क्रमाने, कोण आणि कुठे करतं, आणि त्यात कुठली माहिती तयार होते. क्रम बराचसा लॉगमधून मिळाला, कोण करतं ते मात्र बोलण्यातूनच, कारण टिकेट एकाच्या नावावर आणि काम दुसराच करतोय असं सर्रास होतं. मोठी प्रिंट काढून टीमपुढे ठेवली आणि पेनं दिली, त्यांनी बाण खोडले, नवे काढले. मॅनेजर म्हणाले ऑडिट आहे, टेस्टिंगचा बॉक्स डॉक्युमेंटसारखाच ठेवा. रिपोर्टात मग दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली, जिथे लॉग आणि लोक जुळत नाहीत तिथे तुटक रेषा.

कुणी असं काही करणार असाल तर लॉगची परवानगी अगदी पहिल्यांदा मागा, नावं झाकून डेटा मिळेपर्यंत बाकी सगळं उरकतं.