जुन्या कोर्सवर नवे टी: आमच्या क्लबमधला माझा अनुभव

आमच्या क्लबचा गोल्फ कोर्स जुना आहे, लाकडी दांड्याच्या क्लब्सनी (चेंडू मारायच्या काठ्यांनी) खेळायचे त्या काळातला, आणि मागच्या टीवरून (टी म्हणजे होलचा पहिला शॉट मारायची जागा) त्याची लांबी होती 6,640 यार्ड. लांब मारणाऱ्या मेंबर्सकडून लेखी मागणी आली की सहा होल्सना (होल म्हणजे टीपासून खड्ड्यापर्यंत खेळायचा पट्टा) मागे नवे टी बांधा आणि स्कोअरकार्डवर 7,000 दिसू द्या. मी तेव्हा कोर्स कमिटीत होते, त्यामुळे ही फाइल माझ्याकडेच आली आणि शेवटपर्यंत माझ्याकडेच राहिली. काय बांधलं, काय नाकारलं आणि का, ते लिहितेय, कारण अशी चर्चा निघाली की ती यार्डांवरच अडकते आणि होल कसा खेळला जाणार याकडे कोणी बघतच नाही.

आधी हे सांगते की मागणीत तथ्य होतं. आमचे फेअरवे बंकर (फेअरवे म्हणजे होलमधला कापलेल्या गवताचा पट्टा, बंकर म्हणजे वाळूचे खड्डे) बहुतेक ठिकाणी टीपासून 220-225 यार्डांवर आहेत आणि आताची मुलं त्यांच्या डोक्यावरून आरामात मारतात, बंकर आहे की नाही याने त्यांना काही फरकच पडत नाही. पीजीए टूरवर (अमेरिकेतली व्यावसायिक स्पर्धांची मालिका) 1980 मध्ये ड्राइव्हची, म्हणजे टीवरून मारलेल्या लांब शॉटची, सरासरी 257 यार्डांच्या आसपास होती, आता ती 300 च्या घरात आहे. क्लबमधली मुलं टूरची नाहीत, पण चेंडू आणि ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारा क्लब) तेच वापरतात ना. डिसेंबर 2023 मध्ये यूएसजीए आणि आर अँड ए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांनी चेंडूची चाचणी कडक करायचं जाहीर केलं ते याचसाठी.

मीटिंगमध्ये उदाहरण यायचं ते ऑगस्टाचं, म्हणजे अमेरिकेतली मास्टर्स स्पर्धा होते त्या कोर्सचं. 1997 ला टायगर वुड्सने 12 शॉट्सनी मास्टर्स जिंकली तेव्हा तो कोर्स 6,925 यार्डांचा होता, 2002 ला 7,270 झाला, 2006 ला 7,445 आणि 2024 ला 7,555. अकरावा होल 455 चा 520 झाला. हे आकडे सगळ्यांना पाठ, पण तेराव्या होलचा टी मागे न्यायला त्यांनी शेजारच्या क्लबची जमीन विकत घेतली हे कोणी बोलत नाही. 2023 ला तो 510 चा 545 झाला. त्यात जमेल तेवढं त्याच रेषेत मागे जायचं, बाजूला सरकायचं नाही, हा मुद्दा मला आकड्यापेक्षा मोठा वाटतो. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर सतराव्या रोड होलचंही असंच, 2010 च्या ओपनला (ब्रिटिश ओपन) टी 40 यार्ड मागे नेला, होल 455 चा 495 झाला, आणि त्यासाठी टी चक्क कोर्सच्या हद्दीबाहेर, जुन्या रेल्वेलाइनच्या पलीकडे गेला.

आणि नुसत्या लांबीने काय होतं, किंवा काय होत नाही, त्याला माझ्याकडे दोन आकडे होते जे मी प्रत्येक मीटिंगला सांगितले. 2013 ची यूएस ओपन मेरियनच्या कोर्सवर झाली, 6,996 यार्ड, जस्टिन रोज जिंकला तो पारपेक्षा (कोर्ससाठी ठरलेल्या शॉट्सपेक्षा) एक जास्त मारून. 2022 ची ओपन ओल्ड कोर्सवर झाली, 7,313 यार्ड, कॅमेरॉन स्मिथ जिंकला पारपेक्षा 20 कमी मारून. वारा, रफ (फेअरवेबाहेरचं उंच गवत), फेअरवेची रुंदी, ग्रीन (खड्ड्याभोवतीचं अगदी बारीक कापलेलं गवत) किती कडक, हे सगळं त्यात येतं हे मान्यच, पण मग फक्त टीवर खर्च का करायचा हा प्रश्न तरी विचारायला हवा ना.

आम्ही एका आर्किटेक्टला बोलावलं, क्लबच्या कपाटातून मूळ नकाशा आणि जुने हवाई फोटो काढले आणि होल बाय होल चालत बघितलं. त्यांनी प्रत्येक होलवर एकच प्रश्न विचारला: मूळ डिझायनरला दुसरा शॉट कुठून खेळायला हवा होता? नव्या टीवरून लांब मारणारा पुन्हा त्या जागी येत असेल तर टी बांधा, नसेल तर नको. मला हे इतकं पटलं की पुढचं सगळं मी याच प्रश्नावर चालवलं. हेड ग्रीनकीपर (कोर्सची देखभाल बघणारे) तर त्याहून सरळ बोलले, "आधी मॅट टाकून बघा, माती नंतर." मग प्रॅक्टिस रेंजवरच्या मॅट्स आणून प्रस्तावित जागांवर टाकल्या, लांब मारणाऱ्या मुलांना तिथून खेळायला सांगितलं आणि मी वही घेऊन जिथे चेंडू पडतो तिथे उभी राहिले. संपूर्ण प्रोसेसमधलं सगळ्यात उपयोगाचं काम हेच.

पाचवा होल 388 चा पार फोर (चार शॉट्समध्ये संपवायचा), डावीकडे वळणारा, वळणाच्या आतल्या कोपऱ्यात दोन बंकर. त्यांना चिकटून डावीकडे चेंडू ठेवला तर ग्रीन समोर उघडं दिसतं, उजवीकडे पळालात तर मधे ग्रीनसाइड बंकर येतो. प्रस्ताव होता 35 यार्ड मागे, पण सरळ मागे चौथं ग्रीन आहे (जुन्या कोर्सवर हे असतंच, ग्रीनवरून उतरलं की पुढचा टी चार पावलांवर, तीच त्यांची मजा), म्हणून कागदावर टी मागे आणि उजवीकडे दाखवला होता. तिथून मॅटवर खेळून बघितलं तर होल 35 यार्ड लांब होऊनही सोपा झाला! कारण उजवीकडून उभं राहिलं की वळण अर्धं सरळ होतं, फेअरवे तिरका समोर उघडतो आणि बंकर डावीकडे बाजूलाच राहतो, त्याच्यावरून मारायची गरजच पडत नाही. दुसरी मॅट सरळ मागे टाकली, चौथ्या ग्रीनच्या पुढे पळालेला चेंडू येणार नाही इतक्या अंतरावर, म्हणजे फक्त 22 यार्ड मागे. तिथून बंकरचा कॅरी (चेंडू हवेतून ओलांडून न्यायचं अंतर) 225 वरून 247 झाला आणि मुलं पहिल्यांदा टीवर थांबून विचार करायला लागली, एकाने ड्रायव्हर बॅगेत परत ठेवला आणि थ्री वुड (थोडा कमी लांब मारणारा क्लब) काढला. 35 वर जे झालं नाही ते 22 वर झालं. हा टी आम्ही बांधला.

पंधराव्या होलबद्दल मी आधी साशंक होते. तिथलं ग्रीन समोरून मोकळं आहे, पुढे बंकर नाही, आणि उजवीकडून डावीकडे उतार आहे जो ग्रीनच्या बऱ्याच अलीकडे सुरू होतो. हा उतार जमिनीवरून पळत येणाऱ्या लांब शॉटसाठी केलेला आहे हे नकाशातही दिसतं, पण आता सगळे वेज (जवळून चेंडू उंच मारायचा क्लब) घेऊन वरून टाकायचे, त्यामुळे तो उतार कोणाच्या कामालाच येत नव्हता, नवीन मेंबर्सना तर तो तिथे का आहे हेच माहीत नव्हतं. मॅट 38 यार्ड मागे टाकली. पहिल्याच मुलाला दुसऱ्या शॉटला फाइव्ह आयर्न (वेजपेक्षा बराच लांब मारणारा क्लब) लागला, चेंडू ग्रीनच्या साधारण वीस यार्ड अलीकडे उजवीकडे पडला, मला वाटलं झालं, राहिला हा, आणि तो उतारावर हळूहळू डावीकडे वळत, वेग धरत, थेट ग्रीनच्या मधोमध जाऊन थांबला. इतकी वर्षं या होलवर खेळतेय, पण हा शॉट मी तिथे कधी बघितला नव्हता. तिथे उभ्या असलेल्या कोणालाच मग पटवायची गरज उरली नाही.

बाराव्यावर मात्र मी हटून बसले. 318 यार्डांचा छोटा पार फोर, मागणी होती 40 यार्ड वाढवायची. आता तिथे लांब मारणाऱ्याला वाटतं की टीवरूनच ग्रीन गाठू, आणि ग्रीनभोवतीचे बंकर त्या मोहाची किंमत वसूल करतात. 358 केला की सगळे एकच खेळ खेळणार, आयर्न आणि मग वेज, म्हणजे आकडा वाढणार आणि होल मरणार. कॅलिफोर्नियातल्या रिव्हिएरा कोर्सचा दहावा होल 315 यार्डांचा आहे आणि जगातले सगळ्यात लांब मारणारे तिथे दरवर्षी गोंधळतात, हे उदाहरण मी इतक्यांदा दिलं की लोक माझ्याआधी बोलायला लागले. नाकारला एकदाचा.

उरलेल्यांपैकी आठव्याला 30 यार्ड दिले, तिथे जागा होती आणि वादही नव्हता. नवव्यावर मागे गेलं की ड्राइव्ह झाडांच्या बोगद्यातून मारावा लागत होता, तो सोडला. सतराव्यावर ग्रीनवरून उतरून साठेक यार्ड उलटं चालायचं आणि तेवढंच परत यायचं, शिवाय आणखी एका होलची लाइन ओलांडायची, तोही सोडला. म्हणजे सहातले तीन, एकूण 90 यार्ड, कोर्स 6,730. सात हजारवाले नाराज झाले, आणि काही ज्येष्ठ मेंबर्सना 90 सुद्धा जास्त वाटले. जनरल मीटिंगला बराच वाद झाला पण मंजूर झालं.

बांधकामाबद्दल एवढंच सांगते की टी म्हणजे गवताचा चौकोन नव्हे. खाली ड्रेनेज, वर वाळूमिश्रित थर, लेझरने लेव्हल करून साधारण एक टक्का उतार, स्प्रिंकलरची लाइन. नियमाप्रमाणे टीइंग एरिया मार्करच्या (टीची पुढची हद्द दाखवणाऱ्या खुणांच्या) मागे दोन क्लबच्या लांबीइतका लागतो, म्हणून मार्कर अगदी मागच्या कडेला लावता येत नाहीत, तेवढी खोली आधीच धरायला हवी. आणि सकाळचं ऊन! आठव्याचा टी ग्रीनकीपरनी झाडांच्या सावलीतून थोडा पुढे ओढायला लावला, कारण सकाळी ऊन नाही तर गवत टिकत नाही आणि डिव्हॉट (क्लबने उखडलेले गवताचे खड्डे) भरत नाहीत. गवत बसेपर्यंत टी बंद ठेवला, त्यावर तक्रारी आल्या, आम्ही ऐकल्या आणि बंदच ठेवला.

मग रेटिंग. कायमचे टी बदलले की कोर्स रेटिंग (कोर्स किती अवघड याचा आकडा) आणि स्लोप (साध्या खेळाडूला तो तरबेज खेळाडूच्या तुलनेत किती अवघड याचा आकडा) नव्याने काढून घ्यावं लागतं, नाहीतर हँडिकॅप (खेळाडूच्या कुवतीप्रमाणे मिळणारी शॉट्सची सूट) चुकतात. कोर्स आता भयंकर अवघड होणार अशी बरीच भीती होती, तर हिशोब असा की पुरुषांच्या रेटिंगमध्ये स्क्रॅच खेळाडूसाठी (साधारण पारमध्ये खेळणारा) 220 यार्डांना एक स्ट्रोक, म्हणजे शॉट, धरतात आणि बोगी खेळाडूसाठी (साधारण प्रत्येक होलला एक शॉट जास्त घेणारा) 160 यार्डांना एक. म्हणजे 90 यार्डांनी स्क्रॅचला 0.4 आणि बोगीला 0.56, आणि या दोघांच्या फरकाला 5.381 ने गुणून स्लोप निघतो, तो लांबीमुळे जेमतेम एकाने वाढतो. बंकर वगैरेचे मार्क वेगळे, पण लांबीचा परिणाम एवढाच. हे मीटिंगच्या आधी कागदावर मांडून सगळ्यांना दिलं असतं तर निम्मा वाद तिथेच मिटतो, ज्यांच्याकडे हे सुरू आहे त्यांनी जरूर करा.

मी स्वतः पुढच्या टीवरून खेळते आणि मला या तीन टींवरून कधीच मारायचं नाहीये, तरी मी यासाठी भांडले कारण पाचव्याचे बंकर आणि पंधराव्याचा उतार पुन्हा कामाला लागले. पण तोच प्रश्न दुसऱ्या टोकालाही लागू होतो. ज्यांचा ड्राइव्ह 140-150 यार्ड जातो त्यांना पंधराव्याचं ग्रीन दोन शॉटमध्ये मिळतच नाही, त्यांचा चेंडू त्या उताराच्या जवळपासही दुसऱ्या शॉटला पोचत नाही. म्हणून आता चार होल्सना नवे पुढचे टी प्रस्तावित केलेत, मॅट्स टाकून झाल्यात, आणि यावेळी वही घेऊन उभं राहायला तीच लांब मारणारी मुलं आली आहेत.